जॅग्वारला पुन्हा दोन दारांची गाडी हवी : नागपूरहून एक खुले पत्र

प्रति,
श्री. पी. बी. बालाजी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जॅग्वार लँड रोव्हर
आणि
संचालक मंडळ, टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स

विषय : जॅग्वारची येणारी गाडी आणि तिच्यानंतरची गाडी

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकतो. हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणीही तुमची नवी गाडी विकत घेणार नाही. आमच्यात बँकेतले लोक आहेत, बुटीबोरीच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे आहेत, कॉलेजची पोरे आहेत, दोन गॅरेजवाले मिस्त्री आहेत आणि एक दंतवैद्य आहे. दंतवैद्याला ओढूनताणून कदाचित जमेल, पण तोच म्हणतो की तेवढ्या पैशात मी दवाखान्याची दुसरी शाखा काढीन. रविवारी सकाळी फुटाळ्याच्या काठावर चहा घेत गाड्यांवर वाद घालणे हा आमचा उद्योग. आमच्या स्वतःच्या गाड्या म्हणाल तर स्विफ्ट, नेक्सॉन, एक जुनी जिप्सी आणि एका मिस्त्रीची झेन, जी तो कुणालाही चालवू देत नाही.

मग तुमचे ऐकायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या, तेव्हा त्या व्यवहारात कारखाने आले, यंत्रे आली, नकाशे आले. पण जॅग्वारपुरते बोलायचे तर सगळ्यात महाग वस्तू होती ती नाव. ते नाव ब्रिटिश लेलँडच्या काळात मेले नाही, फोर्डच्या काळातही मेले नाही. संप झाले, रद्दड गाड्या निघाल्या, मालक बदलले, तरी टिकले. ज्यांना ती गाडी जन्मात घेता येणार नव्हती अशा लोकांनी ते टिकवले. पैसेवाला गाडी घेतो ती चौकात कुणीतरी वळून पाहावे म्हणूनही घेतो. ते वळून पाहणारे लोक म्हणजे आम्ही. आमचे पाहणे बंद झाले तर तुमच्या ग्राहकाच्या खरेदीतला निम्मा आनंद जातो. एवढ्या अधिकारावर हे पत्र लिहितो आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की जॅग्वार पूर्णपणे इलेक्ट्रिक होणार. तयार होत आलेली इलेक्ट्रिक एक्सजे रद्द झाली. २०२४ मध्ये एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप बंद झाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मायामीला टाइप ०० ही नमुना गाडी दाखवली : लांबलचक बॉनेट, मागची काच नाही, दोन दारे, एक गुलाबी आणि एक निळी. त्याआधीच्या जाहिरातीत गाडीच नव्हती म्हणून जगभर आरडाओरडा झाला. त्या आरड्याओरड्यात आम्ही नव्हतो. जाहिरात विसरली जाते. माझे स्वतःचे मत विचाराल तर टाइप ०० चा आकार मला आवडला. आमच्या कट्ट्यावर या मताला मी एकटाच आहे. जॅग्वार दुसऱ्या कशासारखी दिसू नये हे जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांचे सूत्र होते आणि टाइप ०० खरोखरच कशासारखी दिसत नाही.

दुखते ते पुढेच. दाखवली दोन दारांची आणि विकायला येणार ती चार दारांची, मोठी, एक लाख पौंडांच्या वरची इलेक्ट्रिक जीटी, म्हणजे लांबच्या प्रवासाची आरामशीर वेगवान गाडी. आमचा झेनवाला मिस्त्री म्हणाला, "काऊन भाऊ, चार दारांचीच इकायची होती तर दोन दारांची दाखवली कायले?" याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. ते तुमच्याकडे असेल म्हणून विचारतो.

चार दारांची जॅग्वार असू नये असे कुणी म्हणत नाही. लायन्स यांनी सलून, म्हणजे चार दारांच्या घरगुती गाड्यांवरच पोट भरले आणि एक्सजे तर अनेकांच्या मते त्यांची सगळ्यात देखणी गाडी. पण सलूनच्या शेजारी नेहमी एक दोन माणसांची गाडी उभी असायची आणि कंपनीचा चेहरा ती असायची. ती कशी बनायची हेही पाहा. १९४८ ची एक्सके-१२० ही मार्क फाइव्ह या मोठ्या सलूनची चासी कापून, आखूड करून बनवलेली. मुळात ती नव्या इंजिनाची जाहिरात म्हणून थोड्याच बनवायच्या होत्या. युद्धाच्या काळात रात्री कारखान्याच्या छपरावर आगीचा पहारा करता करता लायन्स आणि त्यांच्या इंजिनिअरांनी ज्या इंजिनाचा खल केला, ते हे सहा सिलिंडरचे एक्सके इंजिन. गाडी प्रदर्शनात ठेवली आणि एवढी मागणी आली की हाताने ठोकलेले अॅल्युमिनियमचे पत्रे सोडून पोलादी बॉडीचे साचे करावे लागले. २०१३ ची एफ-टाइपसुद्धा आधीच्या एक्सकेचाच सांगाडा आखूड करून उभी राहिली. म्हणजे मोठ्या गाडीसाठी शिजलेल्या अन्नातून धाकट्या गाडीचे ताट वाढायचे, ही तुमच्या घरची जुनीच रीत आहे. आता नव्या जीटीसाठी जॅग्वारने स्वतःचा वेगळा इलेक्ट्रिक सांगाडा बनवला आहे. त्याची लांबी कापता येते का? आणि येत असेल तर कापणार का? आमचा पहिला प्रश्न हा.

स्पोर्ट्स कार खपत नाही, हे उत्तर कृपया देऊ नका. जॅग्वारची जुनी स्पोर्ट्स कार ई-टाइप १९६१ ते १९७४ या काळात ७२ हजारांहून अधिक बनल्या आणि तिला दंतकथा म्हणतात. एफ-टाइप ११ वर्षांत ८७ हजारांहून अधिक बनल्या आणि तिला धंद्यातले अपयश म्हणतात! एफ-टाइपवर तुम्ही किती कमावले हे आम्हाला माहीत असायचे कारण नाही. पण खपली नाही असे मात्र म्हणता यायचे नाही.

आता किमतीचे. जॅग्वारविषयी बोलताना लोक हस्तिदंती स्टिअरिंग, अक्रोडाचे लाकूड, चामडे आणि ब्रिटिश सरदार आठवतात. आमच्या मते जॅग्वारचे मर्म त्यात कधीच नव्हते. मर्म होते किमतीत. ई-टाइप आली तेव्हा ती २६५ अश्वशक्ती आणि ताशी २४० किलोमीटरचा दावा घेऊन आली, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि विमानांच्या कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने काढलेला आकार. आणि हे सगळे अॅस्टन मार्टिन डीबी४ च्या जवळपास निम्म्या किमतीत. फेरारीशी तर तुलनाच नको. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला तिच्यात बसून पाहायला एवढी झुंबड उडाली की लायन्स यांनी कॉव्हेंट्रीला फोन करून दुसरी गाडी मागवली. नॉर्मन ड्युईस हे चाचणी चालक ती घेऊन रातोरात निघाले, समुद्र ओलांडला, फ्रान्स पार केला आणि सकाळी प्रदर्शनाच्या दारात हजर झाले. ही गोष्ट आमच्या कट्ट्यावर कितीदा सांगितली गेली असेल! सांगणारा दर वेळी ड्युईस यांचा वेग थोडा वाढवतो.

ती गर्दी दुर्मिळ वस्तू पाहायला आलेली नव्हती. आपल्यासारख्या डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यालाही ही घेता येईल असे त्या गर्दीला वाटले म्हणून ती उसळली. आताचा बेत नेमका उलटा आहे : कमी गाड्या, दुप्पट किंमत, निवडक श्रीमंत. या वाटेवर बेंटले आधीपासून उभी आहे, अॅस्टन मार्टिन उभी आहे आणि अॅस्टन मार्टिनची आर्थिक ओढाताण सगळ्या जगाला माहीत आहे. तुमचा हिशेब तुम्हाला आमच्याहून चांगला कळतो. पण वर्षानुवर्षे बीएमडब्ल्यूच्या मागे धावून जे झाले ते पाहिल्यावर आता बेंटलेच्या मागे धावावे, हे आम्हाला पटत नाही. जॅग्वारची जागा या दोघांच्या मध्ये होती आणि ती आज रिकामी पडली आहे.

इलेक्ट्रिक गाडीला आमचा विरोध आहे असे समजू नका. इथे कट्ट्यावर दोन तट आहेत, ते लपवत नाही. वयस्कर मंडळी म्हणतात सहा सिलिंडर नाही तर जॅग्वार नाही. तुमच्याच वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यात तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बनते, ते रेंज रोव्हरमध्ये बसते, मग जॅग्वारनेच काय पाप केले, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दाही आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनमध्ये व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यानुसार ब्रिटनमध्ये बनलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचे शंभर टक्क्यांहून जास्त असलेले आयात शुल्क, ठरलेल्या कोट्यापुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना मात्र पहिली पाच वर्षे ही सवलत नाही. म्हणजे दार उघडायची वेळ आली आणि भारतीय मालकाच्या ब्रिटिश कंपनीकडे त्या दारातून आणायला जॅग्वार म्हणून गाडीच नाही. रेंज रोव्हर येतील, येऊ द्या. पण चहा संपेपर्यंत लोक यावर हळहळत होते.

पोर्शेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये बेत बदलला. इलेक्ट्रिक म्हणून ठरलेली मोठी एसयूव्ही आधी पेट्रोल आणि हायब्रिड रूपात आणायचे ठरवले आणि छोट्या ७१८ गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांमध्ये पेट्रोल इंजिन ठेवायचे ठरवले. लोटसनेही २०२८ पर्यंत सगळे इलेक्ट्रिक करण्याची घोषणा मागे घेऊन हायब्रिड जवळ केली. त्यामुळे मागे फिरणारी जॅग्वार पहिली ठरणार नाही, अशी वयस्कर मंडळींची सूचना आहे. ती मी इमानदारीने पोचवली. माझा स्वतःचा कल मात्र वेगळा आहे, आणि त्याचे कारण तुम्हीच बनवलेली एक गाडी.

सप्टेंबर २०१७ मध्ये जॅग्वार क्लासिक या तुमच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने ई-टाइप झीरो दाखवली. १९६८ ची उघडी ई-टाइप घेतली, बॉनेटखालचे इंजिन काढले आणि नेमक्या त्याच जागी, जवळपास त्याच आकाराची आणि वजनाची ४० किलोवॅट-तासाची बॅटरी बसवली. गिअरबॉक्स होता तिथे मोटर आली. चासीला हात लावला नाही, ब्रेक आणि सस्पेन्शन तसेच ठेवले. शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांच्या आसपास, म्हणजे मूळ गाडीपेक्षा सुमारे एक सेकंद कमी. एका चार्जमध्ये सुमारे २७० किलोमीटर. आणि सगळ्यात महत्त्वाचे : तिचे वजन मूळ पेट्रोल गाडीपेक्षा ४६ किलोने कमी भरले. मे २०१८ मध्ये राजपुत्र हॅरी लग्नानंतर नवरीला घेऊन निघाला तो हीच गाडी चालवत. सगळ्या जगाने ती टीव्हीवर पाहिली आणि मग ती कुठेच दिसली नाही.

आमची मागणी नीट समजून घ्या. जुन्या गाड्यांची इंजिने काढून त्यात बॅटऱ्या भरा असे आम्ही म्हणत नाही. त्यावर तर आमच्यात मारामारी होईल. मागणी त्या वजनाची आहे. १९६० च्या दशकातल्या सांगाड्यात, बॅटरीसाठी काहीही सोय नसताना तुमच्याच माणसांनी सव्वा टनाच्या आतबाहेर इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार उभी केली. तुमचीच इलेक्ट्रिक एसयूव्ही आय-पेस मात्र दोन टनांच्या वर गेली. आय-पेस चांगली गाडी होती, २०१९ ला जागतिक पुरस्कार मिळाला, चालवणारे अजून तिचे गुण गातात. पण स्पोर्ट्स कारचे गणित निराळे असते. वळणावर टायरला गाडीचे वजन पेलावे लागते. ब्रेक दाबला की जेवढे वजन तेवढी उष्णता. वजन वाढले की ब्रेक मोठे, टायर रुंद, स्प्रिंग कडक, मग ते सगळे ओढायला बॅटरी आणखी मोठी आणि तिने वजन आणखी वाढते. हलकी गाडी ही साखळी उलटी फिरवते. आज २०१७ पेक्षा चांगले सेल मिळतात आणि टाटांची स्वतःची बॅटरी कंपनी अग्रतास सॉमरसेट आणि साणंद इथे कारखाने उभारते आहे. मग १,३०० किलोंची, साध्या बॅटरीची, मागच्या चाकांवर चालणारी दोन आसनांची जॅग्वार का नाही? एक हजार अश्वशक्ती नको. तीनशे पुरे. शून्य ते शंभरचा आकडा आता कुणालाही भुरळ घालत नाही. चिनी सलून गाड्याही तो तीन सेकंदांत उरकतात. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळणे हे अजून फार थोड्यांना जमते.

२७० किलोमीटर कमी पडतील असे कुणी म्हणेल. कशासाठी कमी? नागपूरहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला जाणारा रस्ता घ्या. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो, दोन्ही बाजूंना सागाचे जंगल, एकापाठोपाठ एक वळणे. विदर्भातल्या माणसाला सपाटीचा कंटाळा आला की तो तिकडे पळतो. जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास किलोमीटर होतात आणि मध्ये नाश्त्याला थांबणे आलेच, तेवढ्यात चार्ज होईल. रामटेकची गडी तर शंभरात आटोपते. स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी निघते आणि जेवायच्या वेळेला घरी येते. तिला मुंबई गाठायची नसते.

मुंबई गाठायला तुमची नवी जीटी आहे, आणि हे मान्य करतो की तिच्यासाठी आमच्या दारात रस्ताही तयार आहे. समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून निघतो आणि भिवंडीजवळ आमण्याला संपतो, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून सलग खुला, वेगमर्यादा ताशी १२०. तुम्ही जाहीर केलेला पल्ला ७७० किलोमीटरपर्यंतचा आहे. कागदावर एका चार्जमध्ये नागपूर-मुंबई! पण तो आकडा युरोपातल्या चाचणीचा. इथे मे महिन्यात काँक्रीट तापलेले असते, एसी पूर्ण जोरात असतो आणि गाडी ताशी १२० ने सतत पळत असते. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीस तर आम्हाला दरवर्षीचे. अशा उन्हात जलद चार्जिंगला लावलेली बॅटरी स्वतःला थंड ठेवण्यात वीज घालवते आणि फार तापली तर चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करते. हे सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांचे आहे. तुमच्या गाडीच्या चाचण्या थंड प्रदेशात झाल्या, वाळवंटात झाल्या असतील, पण धूळ, ऊन, खड्डा आणि अचानक आलेला गतिरोधक एकत्र मिळणारी जागा वेगळी. लांब व्हीलबेसची, जमिनीला लागलेली गाडी आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडवर चढवायची कशी, हाही एक प्रश्नच. तो रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला आहे, पण तो विषय महानगरपालिकेच्या पत्रासाठी ठेवतो.

त्या लांब बॉनेटविषयीही एक बोलायचे आहे. ई-टाइपचे बॉनेट लांब होते कारण त्याखाली सहा सिलिंडर एका रांगेत उभे होते. इलेक्ट्रिक गाडीत तिथे तसे काहीच नसते. तरीही बॉनेट लांब ठेवायचे असेल तर ठेवा, डोळ्याला चांगले दिसते, पण मग त्या लांबीला काहीतरी काम द्या. झीरोसारखी बॅटरी तिथे ठेवा आणि माणसाला खाली, मागच्या चाकांजवळ बसवा. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते म्हणून छत उंच होते, म्हणून गाडी जाड दिसू नये यासाठी चाके २३ इंची करावी लागतात. दोन माणसांच्या गाडीत ही सक्ती नाही. लायन्स यांना चित्र काढता येत नव्हते म्हणतात. ते लाकूड-पत्र्याचे पूर्ण आकाराचे नमुने करून घेत आणि घराच्या अंगणात, उघड्या उजेडात फिरून फिरून पाहत. आम्हाला वाटते अशा नमुन्यावर जाड दार लगेच नजरेत आले असते.

आवाजाचे थोडक्यात. एफ-टाइपचा सायलेन्सर फटफटायचा तेव्हा आम्हीही वेडे झालो होतो. पण स्पीकरमधून खोटे व्ही-८ वाजवू नका. मोटरचा, टायरचा, वाऱ्याचा खरा आवाज येऊ द्या. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत झाली तेव्हा आमच्यातले काही जण नागपूरहून गेले होते. इलेक्ट्रिक शर्यतीत काय मजा, म्हणत गेलेले परत आले ते त्या मोटरच्या किंचाळीची नक्कल करत. (त्या दिवशी सॅम बर्डची जॅग्वार मिच इव्हान्सच्या जॅग्वारलाच जाऊन धडकली आणि दोन्ही बाद झाल्या. त्यावर परतीच्या वाटेत आदिलाबादपर्यंत शिव्या चालल्या होत्या.) पुढे २०२३-२४ च्या मोसमात जॅग्वारने संघांचे विजेतेपद जिंकले. तिथले शिकलेले रस्त्यावरच्या गाडीत कुठे आहे? १९५३ मध्ये सी-टाइप या जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर, आणि थोड्याच वर्षांत ते ब्रेक एक्सके-१५० वर दुकानात मिळू लागले. आज जिंकलेल्या मोटरचे आणि सॉफ्टवेअरचे तसे काही व्हावे, इतकेच.

बटणांबद्दल मिस्त्रींनी खास बजावले आहे : एसी, काच पुसणारा वायपर आणि धुके काढायचे बटण हाताला लागले पाहिजे. पावसाळ्यात स्क्रीनवर बोट फिरवत बसायला लावू नका.

मिस्त्रींचा खरा मुद्दा मात्र मोठा आहे, आणि कंपन्यांच्या बैठकीत तो कुणी मांडत असेल असे वाटत नाही. गाडीची वॉरंटी संपल्यावर तिचे काय होते? जुनी एक्सके किंवा मार्क टू चांगला मिस्त्री आजही उघडतो, कार्ब्युरेटर लावतो, गॅस्केट कापतो आणि चालू करतो. सत्तर वर्षे जुन्या गाड्या विंटेज रॅलीत चालतात त्या अशा हातांमुळे. दहा वर्षांपूर्वीची महागडी गाडी मात्र एका कंट्रोल युनिटपायी उभी राहते, कारण तिचे सॉफ्टवेअर कंपनीच्या दुकानाशिवाय बोलतच नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरीतले एखादे मॉड्यूल बिघडले म्हणून अख्खा पॅक बदलायला सांगितले जाते. तुम्ही फक्त इलेक्ट्रिकच बनवणार असाल तर ती पन्नास वर्षांनी कुणाला तरी दुरुस्त करता यायला हवी. मॉड्यूल सुटे मिळायला हवे. दुरुस्तीची माहिती आणि निदानाचे सॉफ्टवेअर पैसे घेऊन का होईना, बाहेरच्या प्रशिक्षित माणसाला द्या. प्रशिक्षण द्यायला आयटीआय आहेत, इथे व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज आहे, पोरांना शिकायचेच आहे. विंटेज म्हणून जपावी अशी गाडी बनवायची इच्छा असेल तर आधी ती जपता येईल अशी बनवावी लागेल.

जुन्या पेट्रोल जॅग्वारवाल्यांच्या वतीनेही एक विनंती. आता देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्या धोरणाचे मोठे पुरस्कर्ते आमच्याच शहराचे खासदार आहेत, त्यामुळे इथे त्यावर चर्चा जरा जास्तच होते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील आणि कार्ब्युरेटरमधले काही भाग इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. जॅग्वार क्लासिकने डी-टाइप आणि एक्सकेएसएस या जुन्या गाड्या नव्याने हाताने बनवून कोट्यधीशांना दिल्या. त्याच विभागाने इथेनॉल चालेल असे नळ्या-सीलचे संच प्रत्येक जुन्या मॉडेलसाठी काढले आणि ते पुण्याहून भारतात पाठवले, तर त्यात फार मोठी गुंतवणूक नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे. २०११ पासून तिथे तुमच्या गाड्यांची जुळणी होते. एक्सएफ, एक्सई, एफ-पेस तिथल्या मराठी हातांनी जोडल्या. रेंज रोव्हर ब्रिटनबाहेर पहिल्यांदा जोडली गेली तीही पुण्यालाच, २०२४ मध्ये. मग दोन दारांची जॅग्वार आली तर तिच्या सुट्या पेट्या थोड्याशा का होईना, पुण्याला याव्यात. शुल्क कमी होईल आणि आमच्या दंतवैद्याचा दवाखान्याचा बेत कदाचित बदलेल.

बालाजी साहेब, तुम्ही टाटा मोटर्सचे हिशेब सांभाळून आता त्या खुर्चीवर गेला आहात. २००८ मध्ये जानेवारीत नॅनो दाखवली गेली आणि जूनमध्ये जॅग्वार हातात आली. एकाच वर्षात, एकाच घरात. रतन टाटा यांना दोन्ही गाड्या मनापासून आवडत असाव्यात असे आम्हाला वाटते. नॅनोत किमतीचा जो हट्ट होता त्याचा थोडा भाग जॅग्वारला मिळावा. नॅनोसारखी स्वस्त नको, ई-टाइपसारखी परवडणारी द्या : शेजारच्या ब्रँडच्या निम्म्या किमतीत, आणि दिसायला त्याच्याहून देखणी.

नवी जीटी भारतात आणाल तेव्हा मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांत फोटो काढून परत नेऊ नका. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवतपा लागायच्या बेतात, ती नागपूरला पाठवा. सकाळी सिल्लेवानी, दुपारी समृद्धी. गाडी कशी वागली ते दोन्ही मिस्त्री तोंडावर सांगतील. तर्री-पोहे आमच्याकडून. सोबत त्या दोन दारांच्या गाडीचा निदान मातीचा नमुना तरी आणा. फुटाळ्यावर जागा धरून ठेवतो.

आपले,
नागपुरातले काही गाडीवेडे